भिंतीचं उजवं टोक

"शहर सारे आता!" सायकलवरच्या कॉलेजच्या पोरानं मोठ्यानं वाचलं आणि मागं कॅरिअरवर बसलेला दुसरा पोट धरून हसला. झालं ते एवढंच. सायकल शहागंजकडं निघूनही गेली. पण रस्त्याच्या अलीकडं, हॉटेलच्या बाकड्यावर बशीतला चहा फुंकत बसलेल्या शफीकची फुंकर अर्ध्यातच राहिली. समोर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची लांबलचक पांढरी भिंत होती, तिच्यावर त्याच्याच हातचे तीन शब्द होते, आणि ते शब्द कालपर्यंत, अहो अगदी घटकेपूर्वीपर्यंत, 'आता सारे शहर' असे होते. त्यानं भिंतीच्या उजव्या टोकाकडं पाहिलं. 'आता.' नजर डावीकडं सरकली. 'सारे.' आणखी डावीकडं 'शहर', कालच्या रंगाची ओली चकाकी अजून गेलेली नव्हती. त्याच्यापुढं पार फाटकापर्यंत कोरी भिंत. बरोबर तर होतं. मग त्या पोरानं वाचलं कुठून? शफीकनं नजर फाटकाशी नेली, तिथून कोऱ्या चुन्यावरून हळूहळू ओढत आणली, आणि मग वाचलं, 'शहर सारे आता'. एकेक शब्द त्यानं बिनचूक लिहिला होता, डावीकडून उजवीकडं, मराठी लिहितात तसा. शब्दांची रांग मात्र तो उजवीकडून डावीकडं लावत आला होता, उर्दूची ओळ जाते तशी. अख्खी भिंत त्याला एक ओळ वाटली होती, आणि ओळ सुरू कुठून होते हे स्वतःला विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

हे सगळं घडत होतं ते मनकर्णा दंतमंजनासाठी. लासूर स्टेशनचे तात्यासाहेब हे जमीनजुमला बाळगून असलेले, आडतीत मुरलेले गृहस्थ. त्यांच्या घरात त्यांची बायको मनकर्णाबाई बाभळीच्या सालीचा कोळसा, लवंग आणि तुरटी कुटून मंजन करायच्या आणि गावातल्या बाया ते वाटीवाटीनं मागून न्यायच्या. राज्य बदललं, मराठवाडा मुंबईला जोडला गेला, आणि तात्यासाहेबांच्या डोक्यात आलं की आता आपणही काहीतरी नवं करावं. त्यांनी शहागंजात एक खोली घेतली, डबे भरायला दोन बाया बसवल्या, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात कधीतरी पाहिलेली एक युक्ती मनाशी धरली. जाहिरात एकदम सांगायची नाही. "शफीकमियाँ," ते म्हणाले होते, "सगळं एकदम सांगितलं की लोक इसरतेत. अर्धं सांगितलं की त्यांची झोप उडती." म्हणून दर शनिवारी संध्याकाळी भिंतीवर एक शब्द रंगवायचा. रविवार बाजाराचा दिवस, खेड्यापाड्याची माणसं त्याच रस्त्यानं आत येणार, त्यांनी तो पाहायचा आणि पुढच्या रविवारपर्यंत डोकं खाजवत बसायचं. लासूरच्या बाजारात त्याच शब्दाची हस्तपत्रकं वाटायची. शेवटच्या आधीच्या आठवड्यात टॉकीजमध्ये स्लाइड दाखवायची. आणि शेवटचा शब्द तात्यासाहेब स्वतः गाडीनं येऊन उघडणार. तोवर आडतीचा हंगाम, त्यांना लासूर सोडता येणार नव्हतं. 'आता सारे शहर मोकळे हसणार, मनकर्णा दंतमंजन.' कोणत्या शब्दाला कोणता रंग, कोणत्या रविवारी काय, सगळं दोघांनी बसून ठरवलं होतं. कोणत्या टोकापासून, तेवढं बोलायचं राहिलं होतं. दोघांपैकी कुणालाच ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. उठता उठता तात्यासाहेब म्हणाले होते, "ही भित जमली तर हितून लासूरपर्यंतच्या भिती तुमच्याच. नाय जमली तर जालन्याचा पेंटर कवापासून मागं लागलाय." ते धमकी म्हणून बोलले नव्हते. व्यवहाराची गोष्ट म्हणून बोलले होते, आणि शफीकला तीच जास्त लागली होती.

चहा गार झाला. पुसावं म्हटलं तर तेलाचा रंग, वर कितीही चुना मारा, खालून डोकावणारच. सरकवावं म्हटलं तर उजवीकडं 'आता' नंतर जेमतेम वीतभर जागा, मग भिंतच संपते. आणि समजा पुसलं, तरी दोन रविवार बाजारानं हे शब्द याच जागी पाहिलेले. शफीकला भीती वाटली, वाटायलाच हवी होती, पन्नाशीला टेकलेल्या माणसाचा हात एकदा कामातून गेला की पुन्हा कोण धरतो. पण खरं सांगायचं तर त्या बाकड्यावर बसल्या बसल्या त्याला भीतीहून मोठं असं दुसरंच काही वाटत होतं, आणि त्याला नाव अचंब्याखेरीज नव्हतं. त्यानं दोरी लावून भिंत मोजली होती. खडूनं घरं पाडली होती. इतक्या सावधपणे काम करणाऱ्या माणसाला, चुन्याची बादली खाली ठेवून, कुणी उजव्या टोकाला नेऊन उभं केलं? पाय आपोआप गेले होते. आपल्या आत कुणीतरी बसलेलं आहे, ते इतकी वर्षं आपल्या डोळ्यांची मान धरून फिरवतं आहे, आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नाही. त्यानं समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. उभ्या टांग्यांची रांग होती. त्यातला 'पहिला' टांगा त्याच्या लेखी उजवीकडचा होता. मशिदीतल्या नमाजाच्या रांगेत, घरातल्या खुंट्यांवर, मकबऱ्याच्या मिनारांत, सगळीकडं पहिलं ते उजवीकडचं. त्यानं मुद्दाम डावीकडचा टांगा पहिला धरून पाहिला, तर त्याला गरगरल्यासारखं झालं.

शफीक मूळचा कातिब, छापायचा उर्दू मजकूर हातानं लिहून देणारा. निजामाच्या वेळी शहरात एक लिथोचा छापखाना होता, त्यात तो मिशी फुटायच्या आधीपासून बसला. मसाला लावलेल्या पिवळ्या कागदावर बोरूनं लिहायचं, तो कागद दगडावर उलटा दाबायचा, आणि अक्षरं दगडावर उलटी उमटायची. काही चुकलं तर ते दगडावरच, उलट्या अक्षरात, दुरुस्त करावं लागे. हे काम सगळ्यांना जमत नसे. शफीकला जमायचं. लग्नाच्या पत्रिका, शरबताच्या जाहिराती, कचेऱ्यांचे नमुने, सगळं त्याच्या बोटांखालून उलटं होऊन गेलं आणि शहरानं ते सुलटं वाचलं. मग निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली. त्या सप्टेंबरात छापखान्याला कुलूप होतं, गल्लीतली दारं दिवसाही बंद असत, आणि शफीक घरात बसून बोरूला टोक काढत राहायचा, ते झिजेपर्यंत. धाकटा भाऊ वहाब कराचीला निघून गेला. छापखान्याचं कुलूप निघालं तेव्हा कचेऱ्यांची भाषा बदलायला लागली होती, आणि वर्षा-दोन वर्षांत मालकानं दगड विकायला काढले. लोकांनी ते धुण्यासाठी नेले. एक शफीकनं आणला. मग मुलीच्या, वहिदाच्या, शाळेच्या अंकलिपीतून तो मराठी अक्षरं शिकला. वाचायला नव्हे, वाचणं त्याला बऱ्यापैकी येत होतंच. लिहायला शिकला, हाताला शिकवलं. उर्दूचं अक्षर बसतं, वळतं, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकतं. मराठीचं लोंबतं. आधी अक्षरं काढायची आणि मग वरून एक रेघ ओढायची, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. ती रेघ ओढताना सुरुवातीला त्याचा हात थरथरायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी थरथर थांबली, दुकानांच्या पाट्या यायला लागल्या, लोक म्हणायला लागले की मियाँचं मराठी अक्षर बामणाच्या तोंडात मारील असं आहे. तेव्हा त्याला वाटलं होतं की झालं, आपण ओलांडून आलो. आणि आज कळलं की हात तेवढा आला होता. बाकीचा शफीक त्याच काठावर उभा होता.

घरी त्याची बायको अख्तरी त्याच दगडावर धुणं आपटत होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि हातातला सदरा तसाच धरून म्हणाली, "क्या हुआ जी? सूरत कायकू उतरी?" त्यानं सांगितलं. सांगताना बोटानं हवेत भिंत काढून दाखवली, आणि तीही उजवीकडून काढली. अख्तरीनं ऐकून घेतलं. ती कमी बोलणारी बाई होती, पण बोलली की चिमटा ठरलेला. "तो मिटा देव."

"मिटता नै. तेल का रंग है."

"तो लिखते जाव."

"लोगां हँस रहे, अख्तरी. साहब आएँगे, देखेंगे, बोलेंगे बुढ्ढे को इत्ता भी नै मालूम."

तिनं बादली उचलली आणि दगडावर पाणी ओतलं. साबणाचा फेस वाहून गेला आणि ओल्या दगडावर, नेहमी व्हायचं तसं, फिकी अक्षरं वर आली. कुठल्याशा शरबताची जाहिरात होती ती. दुकान केव्हाच बंद पडलं होतं, शरबत कुणाच्या जिभेवर उरलं नव्हतं, आणि तरी रोज सकाळी पाणी पडलं की ती जाहिरात एवढ्याशा अंगणात पुन्हा एकदा लागत होती. उलटी. "इत्ते बरस पत्थर पे उल्टा लिखे," अख्तरी म्हणाली, "तब नै डरे. अब दीवार पे एक बार हुआ तो डर रहे?" आणि तिनं सदरा त्या अक्षरांवर आपटला. शफीक बघत उभा राहिला. त्यानं हा दगड रोज पाहिला होता, पण आज त्याला त्याच्याजवळून चप्पल घालून जाववेना.

त्यानं लिहिणं थांबवलं नाही. पुढच्या शनिवारी 'मोकळे' आलं, 'शहर'च्या डावीकडं, जिथं यायचं ठरलं होतं तिथंच. लिहिताना त्याला पाठीवर सगळ्या रस्त्याचे डोळे जाणवत होते, आणि ब्रश एवढा स्थिर होता की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रविवारी तो पुन्हा बाकड्यावर जाऊन बसला. शिक्षा भोगायला बसावं तसाच बसला होता. पण समोर जे चाललं होतं ते बघता बघता तो चहा मागवायचंही विसरला. लोक थांबत होते. बैलगाड्या थांबत होत्या. डोक्यावर टोपली असलेला माणूस टोपली न उतरवता मान वर करून ओठ हलवत होता. कुणी म्हणत होतं, वेशीवरची जकात उठणार. कुणी म्हणत होतं, निवडणुकीचं काहीतरी आहे. एक मास्तर डावीकडून वाचून वैतागले, तर एक म्हातारा अत्तरवाला उजवीकडून वाचून पुढचा शब्द काय असेल त्यावर पैज लावायला तयार झाला, आणि दोघांचं असं जुंपलं की हॉटेलवाल्यानं मध्ये पडून दोघांनाही बसवलं. शफीकनं जन्मभर लिहिलं होतं, पण लिहिलेलं कुणी वाचताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. पत्रिका घरोघर जात, जाहिराती गल्लीबोळात, आणि तो आपला दगडावर वाकलेला. इथं त्याच्या डोळ्यांदेखत अख्खा बाजार त्याच्या अक्षरांशी हुज्जत घालत होता. काही वर्षांमागं याच रस्त्यानं माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत खाली बघत जात होती. आज ती सगळी एकाच भिंतीकडं बघत होती. त्याला एकदम उठून कुणाला तरी हे दाखवावंसं वाटलं, पण दाखवायचं कुणाला, जो तो तिकडंच बघत होता.

भिंतीच्या उजव्या टोकाशी, 'आता'च्या बरोबर खाली, मुकुंदवाडीची आवडाबाई भाजी घेऊन बसायची. मेथी, चुका, हिरवी मिरची. तिला अक्षर येत नव्हतं. दर रविवारी शफीक दिसला की ती हात हलवून बोलवायची. "भाऊ, आज काय लिव्हलंय?"

"मोकळे, बाई. आता सारे शहर मोकळे."

"कशापासून मोकळं?"

"ते पुढच्या रविवारी."

"तुमचं बरं हाय. मी रोज हिच्या बुडाशी बसते न मलाच कळत नाय." मग ती वर बघायची, अगदी तोंड उघडं टाकून, आणि म्हणायची, "पर चांगलं दिसतंय, बया. लई चांगलं दिसतंय." ते ऐकून शफीकला वाटायचं की हिला सांगून टाकावं, मी चुकलोय म्हणून. ज्या बाईला चूक दिसणारच नाही तिच्यापाशी चूक कबूल करायची, याचं त्याला हसूही यायचं.

'हसणार'च्या रविवारी मात्र कारभारी आला. कारभारी तात्यासाहेबांचा पुतण्या, पुण्याला कॉलेजात शिकून आलेला, हस्तपत्रकांचा गठ्ठा सायकलला बांधून हिंडणारा. त्यानं भिंत डावीकडून वाचली, मग शफीककडं पाहिलं, मग पुन्हा भिंत. "चाचा, हे तर उलटं झालं हो."

"हौ," शफीक म्हणाला. एवढंच म्हणाला. इतके दिवस मनात घोळवलेली सगळी वाक्यं त्या एका शब्दात विरून गेली.

कारभारी वाईट माणूस नव्हता. तो हसला नाही, उलट त्याचा चेहरा पडला. "तात्या लई तापट हायेत. मी आधी सांगू का त्यायला?"

"नको. मीच सांगतो. समोर."

'मनकर्णा' लिहायच्या शनिवारी रेघ ओढायच्या आधी शफीकनं दोरी पुन्हा एकदा लावून पाहिली. मग एका दमात रेघ पुरी केली. दुसऱ्याच्या बायकोचं नाव आपण एवढं मोठं करून रस्त्यावर टांगतो आहोत, ते तरी सरळ असावं, असं त्याच्या मनात आलं.

शेवटच्या रविवारी त्यानं 'दंतमंजन' रंगवून वर तरट टांगलं होतं आणि सकाळपासून फाटकाशी उभा होता. बाजार भरत आला होता. कारभारी दोनदा येऊन स्टेशनच्या दिशेनं बघून गेला. स्टेशनावरून टांगा आला तो भिंतीच्या मधोमध थांबला, 'मोकळे'समोर. तात्यासाहेब उतरले. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल, हातात काठी. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नुसती पाहिली, वाचली नाही, जशी आपण शेताची हद्द बघतो तशी पाहिली. शफीक पुढं झाला. "साहेब, मुझे एक बात..." तात्यासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "वाचू तर द्या आधी."

आणि ते चालायला लागले. शफीकचे डोळे त्यांच्या जोड्यांवर होते. डावीकडं फाटक होतं, शफीक होता, कारभारी होता, तरट होतं. तात्यासाहेब उजवीकडं वळले. काठी टेकत टेकत, गर्दी बाजूला करत, ते थेट उजव्या टोकाला गेले, आवडाबाईच्या मेथीच्या जुड्यांपाशी उभे राहिले, घसा साफ केला आणि वर बघून म्हणाले, "आता." मग एक पाऊल डावीकडं. "सारे." मग पुढं. "शहर." त्यांचा आवाज आडतीवर लिलाव पुकारणाऱ्याचा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा. "मोकळे. हसणार." 'मनकर्णा'पाशी ते थोडे जास्त थांबले. मग तरटासमोर आले. "काढा." शफीकनं दोरी सोडली. "दंतमंजन," तात्यासाहेब म्हणाले, आणि काठी जमिनीवर आपटली. "झकास! मी सांगितलं तसंच केलंय हो तुम्ही. अगदी तसंच."

शफीकनं सोडलेली दोरी गुंडाळायला घेतली. कारभारीच बोलला, चाचरत. "तात्या, पर तुमी उजवीकडून वाचलं."

"मग कुठून वाचू?"

"मराठी डावीकडून असतंय ना."

तात्यासाहेबांनी पुतण्याकडं असं पाहिलं की आता बसतोय एक शब्द. पण शब्द आला नाही. त्यांनी मागं वळून आपण आलो ती वाट पाहिली, उजव्या टोकापासून इथवर, धुळीत काठीचे टोचे उमटले होते ती. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. "गंगापूरच्या सरकारी मदरशात होतो मी," ते म्हणाले, कारभारीला नव्हे, शफीकला. "समदं शिक्शान उर्दूत. मौलवीसाहेब असे मागं उभे राह्यचे छडी घेऊन. आम्ही पाटलाची पोरं, घरी मराठी, पाटीवर अलिफ." त्यांनी काठीनं धुळीत एक उभी रेघ ओढली. "मला वाटलं व्हतं, समदं इसरलो."

"मलाही तेच वाटलं होतं, साहेब," शफीक म्हणाला.

एवढ्या मोठ्या बाजारात ते दोघे एकमेकांकडं बघत उभे होते. आपल्या आत जे बसलेलं आहे म्हणून तो इतके रविवार एकटा हबकून गेला होता, ते या रुमालवाल्या, कोटवाल्या माणसाच्या आतही बसलेलं होतं. राज्यं गेली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, भाऊ सीमेपलीकडं गेले, आणि ते कुठंही गेलं नव्हतं. कुणी पुसलं नव्हतं, कारण कुणाला ते दिसलंच नव्हतं. किती जणांत असेल? त्या अत्तरवाल्यात तर होतंच. रस्त्यावरच्या प्रत्येक पिकल्या मिशीकडं त्यानं नव्यानं पाहिलं.

"पुसू का?" त्यानं विचारलं. "सगळ्यावर प्लास्टर करून पुन्हा लिहीन."

"कशाला पुसता?" तात्यासाहेब म्हणाले. "ह्या पोरायला कळावं म्हणून एक काम करा. छापखान्यात तो हात काढायचे ना, बोट दाखविणारा? तसा एक काढा त्या टोकाला. हितून वाचा म्हणावं. न लासूरपर्यंतच्या भिती तुमच्याच हायेत, तिथं मात्र फाटकाकडून सुरू करा, नायतर मनकर्णा मला घरात घ्यायची नाय." गर्दी हसली. तात्यासाहेब स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि सारे दात दाखवून हसले.

'आता'च्या उजवीकडं वीतभरच जागा होती, पण हाताला तेवढी पुरते. शफीकनं खडू काढला. छापखान्यातला तो हात त्याला आठवेना, अंगठा वर होता की खाली. "साहेब, जरा हात द्या," तो म्हणाला. तात्यासाहेबांनी कोटाची बाही मागं सारली आणि आपला रुंद, शेतकऱ्याचा पंजा भिंतीवर टेकवला, तर्जनी डावीकडं लांब करून. शफीकनं त्यांचं मनगट धरलं आणि बोटांभोवतीनं खडू फिरवत नेला. तात्यासाहेब लहान मुलासारखे श्वास रोखून उभे होते. हात बाजूला झाला तेव्हा चुन्यावर खडूचा हात राहिला. शफीकनं डबा उघडून त्यात लाल रंग भरायला घेतला. खाली मेथीवर पाणी शिंपडत आवडाबाई वर बघत होती. आज तिनं विचारलं नाही. ती थोडा वेळ त्या लाल बोटाकडं बघत राहिली, मग तिची मान बोटाबरोबर हळूहळू डावीकडं फिरली, पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर, पार फाटकापर्यंत.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्ये मला वाचता आलं."